भरलेली ताटं

तिसऱ्या बाकावरही कुणी काटा-चमचा उचलला नाही.

लेआर्को झान्नोनी कमरेला एप्रन बांधून ताटं मांडत राहिला. एका हातावर तीन, दुसऱ्या हातात दोन. पक्षाच्या उन्हाळी उत्सवात निवडून आलेल्याने वाढपी व्हायचं, ही आमच्या डोंगरातली जुनी रीत. प्रांताचा आरोग्यमंत्री झाला म्हणून काय झालं? रविवारी दुपारी त्याने चौकातल्या बाकांवर बटाट्याचे तोर्तेल्ली, म्हणजे सारण भरून उकडलेल्या कणकेच्या पुरचुंड्या, गरमागरम वाढायचे. जेवणाऱ्याने ताट पावाने पुसून पुढे केलं, की आणखी वाढायचं. आणि ताटाला हातच न लावणं म्हणजे वाढणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. असं ऐकून ठाऊक होतं सगळ्यांना. पाहिलं मात्र कुणीच नव्हतं, त्या दिवसापर्यंत.

गावाचा राग खोटा नव्हता. बाळंतिणींचं ते सहा खाटांचं इस्पितळ लेआर्कोनेच उभं केलं होतं. तेव्हा तो बावीस वर्षांचा, दगडाच्या खाणीत राबणारा. नदीतले धोंडे गावाने खांद्यावरून वर आणले, त्यात पहिला खांदा त्याचा. त्या सहा खाटांनी त्याला आधी नगरपालिकेत नेलं, मग प्रांत सरकारात. आणि यंदा जानेवारीत त्याने स्वतःच्या सहीने त्याच सहा खाटा बंद केल्या. कारण विचारलं तर एक शब्द नाही. बदल्यात चौकाच्या कोपऱ्यात एक पांढरी रुग्णवाहिका आली, बाळंतिणीला घाट उतरून चाळीस किलोमीटरवरच्या शहरात नेणारी. आठ महिन्यांत तिच्यात एकही बाई बसली नव्हती. बायका हट्टाने घरीच बाळंत होत होत्या. गाडीच्या काचेवर कुणीतरी ‘गद्दार’ लिहिलं होतं, तेही कुणी पुसलं नाही.

जेवणं उरकली की पक्षाच्या शाखेत मतासाठी हात वर होणार होते. वसंतातल्या निवडणुकीला लेआर्को पुन्हा उभा राहणार की नाही, ते तिथे ठरणार होतं. खरं तर ते ताटांतच दिसत होतं.

चौथ्या बाकावर चीज करणारा गुएर्रिनो बसला होता, शेजारी त्याची धाकटी पोर इवाना, सात महिन्यांची पोटुशी. थोरली निव्हेस गेल्या डिसेंबरात त्या इस्पितळात बाळंतपणात गेली. हृदय कच्चं होतं बिचारीचं, असं सगळं गाव म्हणायचं.

लेआर्कोने त्याच्यापुढे ताट ठेवलं.

“राहू दे,” गुएर्रिनो म्हणाला. “तुझ्या हातचं इथे कुणाच्या घशाखाली उतरायचं नाही.”

“खाल्ल्या घरचे वासे मोजून आता वाढायला आलाय साहेब!” मागून कुणीतरी टोमणा मारला. कुणी हसलं नाही.

“एक पोर मी पुरलीये, लेआर्को. आता दुसरीला त्या डब्यात घालून घाट उतरू? का बंद केलंस ते? एकदा तोंड उघड की! खुर्चीसाठीच ना?”

लेआर्कोचा चेहरा पडला. त्याने ताट आणखी थोडं पुढे सरकवलं.

“गार होतंय, गुएर्रिनो,” तो एवढंच म्हणाला.

तेवढ्यात चुलीकडून दीर्चे आली. गावची सुईण, चौऱ्याहत्तर वर्षांची. निम्मं गाव तिच्या हातात जन्मलं, लेआर्कोसुद्धा. हाताला पीठ तसंच होतं.

“मावशी, तू आत जा,” लेआर्को घाईने म्हणाला. तो घाबरलेला आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

“आत जा म्हणे! आठ महिने आतच बसलेय मूग गिळून. आता नाही.” ती गुएर्रिनोसमोर उभी राहिली. “निव्हेसचं हृदय चांगलं ठणठणीत होतं रे. मी खोटं बोलले. तिचं रक्त थांबेना. आपल्या इस्पितळात ना चढवायला रक्त, ना पोट उघडणारा डॉक्टर. बाहेर बर्फ. खाली शहरात असती, तर आज तुझ्याशेजारी बसून जेवली असती.”

दीर्चेने पिठाचे हात एकमेकांवर झटकले.

“दुसऱ्याच दिवशी मी याला लिहिलं, बंद कर हे, आणखी एक पोर माझ्या हातात मरायला नको. आणि विनवलं की गावाला कारण सांगू नकोस. पोर वाचली असती, हे बापाला कळलं तर तो जगायचा नाही. आणि मला तरी गावात कोण उभं करेल? याने शब्द दिला. मला वाटलं, महिनाभर शिव्या खाईल, मग गाव विसरेल.”

आम्ही सगळे लेआर्कोकडे बघत होतो. तो एप्रनचं टोक मुठीत धरून खाली बघत होता, चोरी पकडली गेल्यासारखा. एका शब्दात त्याची सुटका होती, आणि तो शब्द आठ महिने त्याच्या जिभेवर होता. पन्नाशीच्या त्या ढेरपोट्या माणसाकडे बघताना माझ्या अंगावर काटा आला. कुणीतरी नकळत डोक्यावरची टोपी काढली.

गुएर्रिनो उभा होता. कधी उठला होता, त्यालाच ठाऊक नसावं. मग तो खाली बसला. ताट जवळ ओढलं. गार तोर्तेल्ली आमच्याकडे कोंबड्यांना टाकतात, माणूस खात नाही. गुएर्रिनोने ते एकेक करून सगळे खाल्ले. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलं नाही. ताट मात्र पावाने पुसलं, अगदी लख्ख, आणि लेआर्कोपुढे धरलं.

“आणखी वाढ,” तो म्हणाला. “आणि इवानाला आधी गरम दे. तिला घाट उतरायचाय.”