घंटेचे दोन सूर

चू राजाच्या कारखान्यात मी काशाच्या घंटा ओततो. घंटा बेसूर निघाली, तर तिच्यावर ज्याचं नाव कोरलंय त्याचा हात तोडतात.

आज माझ्या घंटेची तपासणी होती. दरबारचे आंधळे वादक चोंग गुरुजी कान टवकारून बसले.

"ठोक रे फेई! नव्या नवरीसारखा लाजतोस काय?"

एकाच घंटेतून दोन सूर निघायला हवेत, मधोमध एक, कडेला दुसरा. मी लाकडी हातोडी उचलली. पण हात पुढे जाईना.

तेवढ्यात गुरुजी हसले. "वा लेका! दोन्ही सूर लख्ख. वाचला तुझा हात!"

माझा जीव भांड्यात पडला. मी जमिनीला कपाळ टेकवलं. ठोकलंच नव्हतं, हे कशाला सांगू?

ते गेल्यावर मी घंटेवर तळवा ठेवला.

ती अजून थरथरत होती.