आमेन बाकी आहे

उदगीरच्या चर्चच्या मंडळीने भोकरच्या चर्चच्या मंडळीला हरवून नाताळ कप जिंकला. असं काही घडलेलंच नाही.

घडलं ते एवढंच. भोकरच्या कापसाच्या जिनिंगमागचं मैदान. शेवटचा बॉल, भोकरला दोन रन हवेत. उदगीरचा विकेटकीपर राजशेखर स्टंपामागे वाकलेला. अंपायर किशनराव, भोकरच्या मंडळीतलं वजनदार माणूस आणि सुकन्याचे वडील. सुकन्या राजशेखरला द्यायची की नाही, ते आज मॅचनंतर जेवताना सांगणार होते. त्यामुळे राजशेखरचा एक डोळा बॉलवर होता, एक किशनरावांवर.

उदगीरचा याकोब बॉल टाकायला पळत सुटला. निम्म्यात आला, तोच किशनरावांनी हात वर केला.

"प्रार्थना करू या. हे स्वर्गीय पित्या..."

सगळ्या मैदानाने डोळे मिटले. बॅट्समनने मिटले. याकोबनेही मिटले, पण पाय थांबेनात. बॉल सुटला.

टक्क.

डोळे उघडले तेव्हा मधला स्टंप आडवा होता.

"वाऱ्यानं पडला," बॅट्समन म्हणाला. झाडाचं पान हलत नव्हतं.

"बघितलं का कोणी?" किशनरावांनी विचारलं. "प्रार्थनेत डोळे उघडे कोणाचे व्हते? हात वर करा."

उदगीरची सगळी टीम राजशेखरकडे बघू लागली. किशनरावही. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवणाऱ्याला ते घरात पाणी विचारत नसत. मुलगी तर लांबच.

राजशेखरने ग्लोव्ह वर केला. "माझे व्हते, काका. बॉल येऊन राहिला व्हता, काय करू? बोल्ड हाय."

"प्रार्थनेत?"

"हाव."

"म्हणजे तू एकट्यानंच बघितलं."

मंडपातल्या बायकांमधून सुकन्याचा हात वर आला. "न्हाई, अप्पा. मी बी बघितलं. बोल्डच हाय."

किशनराव लेकीकडे बघत राहिले. मग स्टंपाकडे. मग शांतपणे म्हणाले, "मी आमेन म्हणलो का?"

सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या.

"मग प्रार्थना चालूच हाय. डोळे मिटा."

सगळ्यांनी मिटले. दोघं सोडून.

ईस्टर येऊन गेला. राजशेखरचा अर्ज भोकरला पोचलेला आहे:

"विषय: आमेन म्हणणेबाबत. महोदय, आपण मैदानावर सुरू केलेली प्रार्थना अद्याप संपलेली नाही. त्यामुळे कप व लग्न हे दोन्ही विषय प्रलंबित आहेत. तरी आपल्या सोयीने एकदा आमेन म्हणावे, ही नम्र विनंती."