खंदकातली मेणबत्ती

शिडी तटाला टेकली आणि तिचं खालचं टोक धरलेला गाव्रिल मटकन चिखलात बसला. पोटावरचा रक्ताने माखलेला हात त्याने बाजूला केला, तेव्हा नीस्तोरला कळलं, हा काही आता उठत नाही.

बल्गेरियातल्या प्लेव्हनाच्या वेढ्यातली ही तिसरी चढाई. वर तुर्कांची गढी, खाली धुक्याने भरलेला खंदक आणि त्यात भिंतीला चिकटून बिगुलाची वाट पाहणारे चाळीस रोमानियन शिपाई. शिडीवर पहिला नंबर नीस्तोरचा. पहिल्याचं काय होतं, ते मागच्या दोन्ही खेपांना सगळ्यांनी पाहिलं होतं.

"मेणबत्ती आहे का?" नीस्तोरने गाव्रिलला विचारलं.

"भिजून लगदा झाला तिचा," गाव्रिल कण्हला. "चोर तो चोर, वर चौकशा."

तीन वर्षांपूर्वी नीस्तोरने गाव्रिलच्या बहिणीला, साफ्ताला, पळवून नेऊन तिच्याशी लग्न लावलं होतं. तेव्हापासून गाव्रिलने बहिणीचा उंबरा ओलांडला नव्हता.

त्यांच्या मुलखात माणसं मरणाला एवढी भीत नाहीत, जेवढी अंधाराला. शेवटच्या घटकेला हातात पेटती मेणबत्ती नसेल, तर पलीकडे गेलेला कायमचा चाचपडत राहतो. नीस्तोरची मेणबत्ती साफ्ताने मेणकापडात गुंडाळून सदऱ्याच्या आत शिवली होती. एकच होती.

त्याने दातांनी टाके उसवले. चकमक तीनदा झाडावी लागली. मग टोपीचा आडोसा धरून त्याने पेटती मेणबत्ती गाव्रिलच्या मुठीत दिली.

गाव्रिल ज्योतीकडे बघत राहिला. "आणि तुला रे?"

"दोन दिल्यात तिने."

"खोटारडा आहेस." पण त्याने मूठ घट्ट मिटली.

बिगूल वाजला. नीस्तोर चढू लागला. आज मरायचं नाही, आज नाही, एवढंच तो स्वतःला बजावत होता. सहाव्या पायरीवर छातीत दणका बसला आणि तो पाठीवर खंदकात आदळला. बाकीचे त्याच्यावरून धडाधड वर गेले.

बऱ्याच वेळाने वर आरोळ्या उठल्या. गढी पडली होती. नीस्तोरला त्याचं काहीच वाटलं नाही. डोळ्यांपुढे अंधारून येत होतं, आणि त्याला लहान पोरासारखं रडू येत होतं.

कोणीतरी चिखलातून सरपटत जवळ आलं. नीस्तोरची बोटं उलगडली गेली, पुन्हा मिटवली गेली. त्यांच्यावर कढत मेण ओघळलं. अंधारात पिवळा उजेड दिसू लागला.

डोलीवाले धावत आले आणि मेणबत्ती देणाऱ्यावर वाकले. "हा शुद्धीवर आहे अजून. पाय धर रे, उचल याला."

"थांबा जरा," गाव्रिलचा आवाज अगदी कानाशी आला. "आधी आमच्या दाजींना उजेडात जाऊ द्या."