दोन बाटल्यांचं मिश्रण

बेल वाजायच्या आत सासऱ्यांनी दार उघडलं. पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला, बाह्या ओल्या. लेकीला कडेवर घेऊन ती चार दिवसांनी माहेराहून परतली होती. एरवी नातीसाठी आधी हात पसरणारे बाबा आज दारातच अडून उभे राहिले.

"आधी ऐकून घे, सूनबाई. मग आत ये."

तिची नजर गॅलरीकडे गेली. चार दिवस गॅलरीतले पाइप बाबांच्या भरवशावर होते. मातीचा कण नाही, नुसत्या वाहत्या पाण्यावर पोसलेला पालक आणि लेट्यूस. पाणी अर्धा दिवस थांबलं तरी माना टाकणारी जात. निघताना नवरा हसून म्हणाला होता की ही परीक्षा पालकाची नाही, आजोबांची आहे. खोटं नव्हतं ते. सोमवारी तिची रजा संपत होती. पोरीला बाबांवर सोपवायचं की पाळणाघरात ठेवायचं, हे पाळणाघरवाल्या बाईंना आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

ती तशीच गॅलरीत गेली. पानं टवटवीत होती. पंप शहाण्यासारखा गुरगुरत होता.

"सगळं छान तर आहे, बाबा."

"दिसतंय छान."

मग त्यांनी सांगून टाकलं. खताच्या दोन बाटल्या. आधी एक पाण्यात ढवळायची, मग दुसरी, असं तिने चारचारदा बजावलं होतं. पण अडतीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडरकी केलेला माणूस. रोज सकाळी एका हातात पोर धरून सून दोनदा मापं घेते, हे त्यांना बघवत नव्हतं. म्हणून दोन्हीतलं थोडं थोडं एका बाटलीत घालून त्यांनी तयार मिश्रण केलं आणि टाकीत ओतलंही. तासाभरात दूध फाटावं तसा पांढरा साका तळाला बसला, पंपाचं तोंड बुजलं. मग आख्खी टाकी मगाने उपसली, पाइप ब्रशने घासले, साधं पाणी भरलं. झाडं सकाळपासून उपाशी आहेत. पुढचं खत तिनेच घालावं.

"ब्रश कुठला घेतलात?"

"तुझ्या नवऱ्याचा. दातांचा. त्याला अजून बोललो नाही."

तिला हसू आवरेना. पोरगीही कारण नसताना हसली.

"तुम्ही सांगितलं नसतं, तर मला पत्ताही लागला नसता."

"डोस चुकला की आधी डॉक्टरांच्या कानावर घालायचं, मग हात धुवायचे. हाडात मुरलंय ते."

मग लेकीला तिने त्यांच्या ओल्या बाह्यांत दिलं आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. सोमवारची जागा नको, दुसऱ्या कुणाला द्या, असं तिने पाळणाघरवाल्या बाईंना सांगितलं. बाईंनी काळजीने विचारलं, घरी सांभाळणारं माणूस नीट आहे ना?

ती उत्तर देणार, तोच गॅलरीतून हाक आली.

"सूनबाई, हिने लेट्यूसचं पान ओढलं. अर्धं माझ्या हातात आहे, अर्धं तिच्या तोंडात."