खुंट्यावरची जागा

ब्राह्मणपुरीत छबूबाई आणि तिची धाकटी जाऊ कमल एकाच जात्यावर समोरासमोर बसून दळत. खुंट्यावर वर छबूबाईची मूठ, खाली कमलची.

प्लेगात कमल गेली आणि छबूबाईचा उजवा हात लुळा पडला.

डॉक्टरने सुई टोचली, तिला कळलंही नाही. "हातात काही दोष नाही," तो म्हणाला. गावाला काय, ढोंग म्हणायला वेळ लागत नाही.

सासू भिकुबाई तेवढी चिडली. "ढोंग नै शे ते. तिन्हं दुख हातमा जाई बसेल शे."

एकटीला जड जात असेल म्हणून घरच्यांनी हलकं जातं आणलं. हात हलला नाही.

एका पहाटे भिकुबाईने तिला जुन्या जात्यापाशी बसवलं आणि तिचा हात उचलून खुंट्यावर ठेवला. बोटं आपसूक मिटली. जातं फिरू लागलं, दोघी दळत तेव्हा फिरायचं तितकंच हलकं. छबूबाईला रडू फुटलं.

हातभार लावायला भिकुबाई समोर बसली.

"आत्याबाई, ती जागा कमलनी शे."

"माले माहित शे, बेटा," म्हणत भिकुबाईने खाली खुंटा धरला.

लाकूड कोमट होतं, आत्ताच कुणी मूठ सोडावी तसं.