धबधब्याच्या शेजारी

हरसूलकडच्या डोंगरात पुंजाबाबा आणि धोंडाबाईचं घर धबधब्याला इतकं खेटून, की दोघं जन्मभर ओरडूनच बोलली. मग विजेच्या प्रकल्पानं वरचं पाणी पाइपात घातलं. कडा कोरडा पडला, शेवाळ वाळलं, धोंडाबाईला घास गिळवेना.

दोघांचा आवाज मात्र तेवढाच राहिला. "धोंडे, लय गोड दिसती गं!" असं पुंजाबाबा अंगणात म्हणाले, की पार त्र्यंबकेश्वरात भटजी मंत्र विसरायचे. शेवटी लाजून बेजार झालेल्या गावानंच प्रकल्पाच्या साहेबांना गाठलं, "थोडं पाणी कड्यावरून सोडा, पण यांचा आवाज झाका!"

धबधबा पुन्हा कोसळू लागला. धोंडाबाई हसत ओरडली, "आलं वो पाणी! आता बास करा ते गोड-गोड बोलायचं नाटक."

"कसलं नाटक?" पुंजाबाबांनी विचारलं.