नागुआत्याची मांडी

निजामाच्या अमलात मराठी लेकरांसाठी रंगीत चित्रांचं पुस्तक म्हणजे अप्रूपच. बसवंतरावांनी चितारलेलं पुस्तक त्यांच्या गावी, जिंतुरात आलं, तसं गल्लीतल्या पोरांनी ते हातोहात पळवलं. त्यातली चेटकीण तर अशी जिवंत उतरली होती, की हैदराबादच्या छापखान्यानं तिचं मूळ चित्र काचेच्या कपाटात जपून ठेवलं आणि पुढच्या पुस्तकांचं कामही त्यांनाच दिलं.

तो चेहरा कुठून आणला, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. अंगणात ज्वारी पाखडणाऱ्या विधवा आत्याला चोरून न्याहाळत त्यांनी ती काढली होती. तोच एकुलता दात, तीच वाकडी हनुवटी. नागुआत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिला ते चित्र कधी दिसलंच नाही.

मूलबाळ नसलेल्या आत्याचा सारा जीव गल्लीतल्या पोरांत. ओवीच्या चालीत ती गोष्ट सांगू लागली, की तिच्या मांडीसाठी भांडणं व्हायची.

आज ती पदरात गूळ-शेंगदाणे घेऊन दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यात बसून राहिली. "जवळ जाऊ नकू, खाती ती!" एका पोरीनं धाकट्या भावाला कुजबुजत ओढून नेलं. ओट्यावरच्या बसवंतरावांनी ते ऐकलं आणि मान खाली घातली.

"बसू," आत्यानं हाक मारली, "लेकरं येईनात रे माज्याकडं. माजं काय चुकलं?"

ते उंबऱ्यात येऊन बसले, तसा तिनं चाचपडत त्यांचा हात धरला.



"तुज्या पुस्तकावर लय जीव हाय त्यांचा. त्यात माजी एक तसबीर काढ की बाबा, मग येतील."